एकाच आवारात मेंढरं, कोंबड्या आणि कुत्रा : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं दोन-चार एकराच्या वावरात दहा-पंधरा मेंढ्या, वीसेक कोंबड्या आणि राखणीला एक कुत्रा सांभाळणाऱ्यांची आहेत. एकाचं खाणं, औषध किंवा घाण दुसऱ्यापर्यंत पोचली आणि तिथून दुखणं सुरू झालं, असंच बहुतेक पत्रांत दिसतं. म्हणून उत्तरं एकत्र देत आहोत.

रात्री मेंढ्यांनी कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं फाडलं. सकाळी दोन मेंढ्या बसूनच होत्या, त्यातली एक दुपारी मेली. कोंबडीचं खाद्य मेंढीला विषारी असतं का?
(वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

त्यात मुद्दाम घातलेलं विष नसतं. घात होतो तो भरड्याने. मेंढीचं पोट कुटार-गवतावर चालणारं. सवय नसताना किलोभर मक्याचा भरडा एकदम पोटात गेला की तिथे आम्ल तयार होतं, चारा पचवणारे जंतू मरतात आणि अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. म्हणून पोट डबडबलेलं, पण डोळे खोल गेलेले दिसतात. मेंढी दात खाते, रवंथ बंद करते आणि आंबूस वासाची पातळ हगवण लागते.

पोतं फाटलेलं दिसलं की मेंढी बसण्याची वाट पाहू नका. खाद्य काढून घ्या आणि समोर फक्त कोरडं तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार टाका. मोठ्या मेंढीला २० ते ३० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून हळूहळू पाजा. पाजताना तोंड पाठीच्या रेषेच्या वर उचलू नका, नाहीतर पाणी फुप्फुसात जातं. पोटफुगी समजून गोडेतेल पाजण्याची घाई अनेक जण करतात, पण तेलाने आम्ल उतरत नाही. मेंढी बसली असेल तर डॉक्टरच हवेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक लावा.

दुसरं नुकसान सावकाश होतं. मेंढीला तांबं फार थोडं लागतं आणि जास्तीचं ती यकृतात साठवत जाते. कोंबडीच्या खाद्यात आणि गाई-म्हशींच्या खनिज मिश्रणात वरून तांबं घातलेलं असतं. रोज मूठभर सांडलेलं खाद्य चाटणारी मेंढी कित्येक आठवडे धडधाकट दिसते आणि एक दिवस तिचे डोळे पिवळे होतात, लघवी तांबूस-काळी होते. तिथून जनावर क्वचितच वाचतं. खनिज वीट घेताना ती मेंढीसाठीचीच आहे ना, हे वाचून घ्या.

खाद्य कडी लागणाऱ्या झाकणाच्या पिंपात ठेवा. खाद्याचं भांडं खुराड्याच्या आत टांगा आणि खुराड्याचं दार जमिनीपासून तीन फुटांवर करून त्याला बांबूची शिडी लावा. कोंबडी चढते, कोकरू चढत नाही.

एक मेंढी पंधरा दिवसांपासून डावीकडेच गोल गोल फिरते, कळपाच्या मागे राहते, धुऱ्याला धडकते. लोक म्हणतात डोक्यात किडा आहे. खरं का?
(वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर)

बरंचसं खरं आहे, आणि तो किडा बहुधा आपल्याच दारच्या कुत्र्याकडून आलेला असतो.

कुत्र्याच्या आतड्यात टीनिया मल्टिसेप्स नावाचा पट्टकृमी (फितीसारखा चपटा जंत) राहतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढी ती चाऱ्याबरोबर खाते, आणि अळी रक्तातून मेंदूत जाऊन पाण्याने भरलेला फोड बनते. फोड वाढायला दोन ते सहा महिने लागतात. म्हणजे आज फिरणारी मेंढी पावसाळ्यातलं गवत खाऊन आजारी पडलेली असू शकते. फोड मेंदूवर दाब देतो, म्हणून मान एका अंगाला वळते, कधी एका डोळ्याने दिसेनासं होतं. काही मेंढ्यांत फोडावरचं कवटीचं हाड इतकं पातळ होतं की अंगठ्याने हलकेच चाचपलं तरी लवतं. जोराने दाबू नका.

मात्र गोल फिरणारी प्रत्येक मेंढी या रोगाची नसते. दोन-तीन दिवसांतच फिरणं सुरू झालं असेल, ताप असेल, एका बाजूचा कान पडून लाळ गळत असेल, तर तो जंतूंचा आजार असू शकतो, विशेषतः बुरशी लागलेला मुरघास घातला असेल तर. त्यावर प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. तुमच्या मेंढीचे पंधरा दिवस पाहता फोडाची शक्यता जास्त वाटते. फोड वरच्या भागात असेल तर तो शस्त्रक्रियेने काढता येतो.

मेंढी कापल्यावर मुंडकं कुत्र्यापुढे टाकलं की हे चक्र पूर्ण होतं. मेंदूतला फोड कुत्र्याच्या पोटात जातो आणि साधारण सहा आठवड्यांनी कुत्रा पुन्हा अंडी टाकू लागतो. मेंढीच्या यकृत-फुप्फुसातल्या पांढऱ्या पाणीदार गाठींचंही असंच आहे. तो वेगळा पट्टकृमी, एकिनोकॉकस. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की आपल्याही यकृतात आणि फुप्फुसात तशाच गाठी वाढतात. अंगणात कुत्र्याला कुरवाळून तसेच जेवायला बसणाऱ्या लेकरांची खरी काळजी वाटते. हात साबणाने धुतल्याशिवाय ताटाला लावायचा नाही, हा नियम घरात कडक ठेवा.

कुत्र्याला प्राझिक्वान्टेल द्या. मात्रा दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमची एक गोळी १० किलोला. २० किलोच्या गावठी कुत्र्याला दोन गोळ्या. दर सहा आठवड्यांनी द्यायची, कारण तेवढ्या वेळात नवा कृमी अंडी टाकायला तयार होतो. गोळीने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून पुढचे दोन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि विष्ठा रोज खोल पुरा. ज्या गोळीत फक्त गोल कृमींचं औषध असतं तिचा इथे उपयोग नाही, वेष्टणावर प्राझिक्वान्टेल हे नाव पाहून घ्या. मुंडकं आणि काळीज कुत्र्याला घालायचंच असेल तर तुकडे करून निदान अर्धा-पाऊण तास उकळा. मेलेली मेंढी तीन-चार फूट खोल, वर चुना टाकून पुरा. उथळ पुरलेली कुत्रा रात्रीतून उकरतो.

चार महिन्यांचं पिल्लू कोंबड्यांच्या मागे धावतं, दोन मारल्या. मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधा असं सांगतात.
(वाचक, ता. रिसोड, जि. वाशीम)

बांधू नका. कोंबडी सडते, अळ्या पडतात, आणि कालच्या धावण्याचा आज गळ्यातल्या वासाशी संबंध पिल्लाला लागत नाही. ते भुकेने मारत नाही. कोंबडी पळते, फडफडते, म्हणून धावतं.

सकाळ-संध्याकाळ कोंबड्यांना दाणे टाकताना पिल्लू सहा-सात फुटांच्या दाव्याने हातात धरा. दहा मिनिटं पुरतात. नजर एका कोंबडीवर खिळली, कान ताठ झाले, की त्याच क्षणी नाव घेऊन हाक मारा आणि मान वळवली की भाकरीचा तुकडा द्या. झेप घेतल्यावर ओरडणं उशिराचं असतं. तीन-चार आठवड्यांनी दावं जमिनीवर सोडून तुम्ही जवळ राहा. वर्षाचा होईपर्यंत कोंबड्यांसोबत एकटा सोडू नका. मेंढी व्यायला आली की त्याला दूर बांधा आणि वार (व्याल्यावर पडणारा जार) लगेच पुरा. वार खाण्याची चटक लागलेला कुत्रा पुढे ओल्या कोकराच्या अंगावर जातो. पिल्लाला तीन वेळा खायला द्या. नुसत्या भाकरीवर ते वाढत नाही, त्यात वरण, दही आणि उकडलेलं अंडं घाला. तीन महिने झाले की रेबीजची लस द्यायची असते, तुमच्या पिल्लाची राहिली असेल तर या आठवड्यात टोचून घ्या.

पहिल्या पावसानंतर धष्टपुष्ट कोकरं सकाळी मेलेली सापडतात. साप चावत असेल का?
(वाचक, ता. बार्शीटाकळी, जि. अकोला)

सगळ्यात तब्येतदार कोकरं मरत असतील तर आधी आंत्रविषार समजा. उन्हाळाभर कोरड्या चाऱ्यावर राहिलेली जनावरं कोवळ्या गवतावर तुटून पडतात आणि आतड्यातले जंतू भराभर वाढून विष सोडतात. उपचाराला वेळच मिळत नाही. लस मात्र आहे. पहिल्या वर्षी १५ दिवसांच्या अंतराने दोन डोस, नंतर दरवर्षी एक. ७ जूनच्या मृगाआधी प्रतिकारशक्ती यायला हवी, म्हणून दुसरा डोस मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवा. पाऊस पडल्यावर कोठ्यातून सोडण्याआधी पोटभर कुटार घाला आणि पहिले आठ दिवस चराई तासाभरावर ठेवा.

माझ्या कोंबड्या वीस आणि राणीखेतच्या (कोंबड्यांचा साथीचा रोग) लसीची बाटली शंभर डोसची. उरलेली ठेवता येते का?
(वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

नाही. मिसळलेली लस बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवावी लागते. शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकाच संध्याकाळी द्या. पिल्लांना ५ ते ७ व्या दिवशी लासोटा ही लस, एका डोळ्यात एक थेंब, आणि थेंब आत गेल्यावरच पिल्लू सोडा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही दुसरी लस, अर्धा मिली कातडीखाली. आजारी पक्ष्याला लस देऊ नका. बाटली दुकानातून बर्फाविना पिशवीत घालून आणली तर लस टोचूनही राणीखेत येतो, आणि मग दोष लसीला दिला जातो.

मेंढ्यांचं उरलेलं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) कुत्र्याच्या खरजेला टोचलं तर चालेल?
(वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर)

स्वतःच्या हाताने नको. एक टक्क्याच्या औषधाचा एक मिली ५० किलोच्या जनावरासाठी असतो, १५ किलोच्या कुत्र्याला अंदाजाने दिलं की दुप्पट-तिप्पट सहज होतं. कोली या मेंढ्या राखणाऱ्या विलायती जातीचं रक्त असलेल्या कुत्र्यांना तर थोडंही जास्त झालं की ते झोकांड्या खातात, डोळ्यांनी दिसत नाही, बेशुद्ध पडतात. खरूज खरवडून तपासून घ्या आणि कुत्र्याचं वजन करूनच डॉक्टरांकडून मात्रा ठरवा.