मारामारी झाली, पण लागलं कुणाला?

प्रश्न : प्रौढांसाठीच्या अ‍ॅनिमेशन मालिकेचा २२ मिनिटांचा पहिला भाग लिहिलाय. त्यात ७ मिनिटं मारामारी आहे. वाचणारे म्हणतात, दणदणीत आहे, पण भिडत नाही. मारामारी कमी करू का?

उत्तर : मिनिटं मोजण्याआधी मारामारी कशामुळे थांबते ते बघा. एकजण दमला म्हणून थांबत असेल, तर ती ७ मिनिटांची काय आणि ७० सेकंदांची काय, कोरडीच राहणार. ‘कॅसलव्हेनिया’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये (२०१८) ड्रॅक्युला आणि त्याचा मुलगा किल्ल्याच्या भिंती फोडत लढतात. (पाहिली नसेल तर पुढची दोन वाक्यं सोडा.) लढता लढता ते मुलाच्या लहानपणीच्या खोलीत येऊन पडतात आणि बापाचा हात थांबतो. आपण पोटच्या पोराला मारतोय, हे त्याला तिथे उमगतं.

तुमच्या प्रत्येक मारामारीखाली दोन ओळी लिहा : आधी पात्राला काय हवं होतं, आणि नंतर त्याला कोणती गोष्ट पुन्हा कधीच करता येणार नाही. दुसरी ओळ सुचत नसेल तर ती मारामारी ३० सेकंदांत उरका. सुचली, तर त्या ओळीतली वस्तू किंवा जागा भागाच्या पहिल्या ५-६ मिनिटांत सहज, कामाच्या ओघात दाखवून ठेवा. तिच्यावर कॅमेरा रेंगाळला की प्रेक्षक सावध होतो. आणि मारामारी संपताच पुढच्या ठिकाणी उडी मारू नका. निदान ४० सेकंद तिथेच थांबा. पहिल्या मसुद्यांत नेमका हाच तुकडा गायब असतो.

प्रश्न : शांत प्रसंग लिहिताना चांगला वाटला, अ‍ॅनिमॅटिकमध्ये (कच्ची चित्रं आणि आवाज जोडून केलेल्या चाचणी व्हिडिओत) मात्र मेल्यासारखा दिसतो. काढून टाकू?

उत्तर : इतक्यात नको. अ‍ॅनिमॅटिकमध्ये तात्पुरते आवाज भराभर वाचलेले असतात आणि संवाद एकमेकांना चिकटवलेले असतात. वाक्य संपल्यावर समोरच्याची प्रतिक्रिया ८ ते १२ फ्रेम उशिरा येऊ द्या. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर हा जेमतेम अर्धा सेकंद, पण ऐकणारा विचार करतोय असं वाटायला तेवढा पुरतो. दुसरं, एकच चित्र ३ सेकंद, म्हणजे ७२ फ्रेम, जसंच्या तसं ठेवलं की व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो. मधे एक पापणी लववा, किंवा खांदे श्वासाबरोबर किंचित हलवा. तिसरं, आवाजाची पट्टी पूर्ण रिकामी ठेवू नका. पंख्याची घरघर, लांबची रहदारी, काहीतरी हवं.

खर्चाचाही हिशेब करा. दोन फ्रेमला एक चित्र धरलं, तरी २ मिनिटांच्या मारामारीत एका पात्राची १,४४० चित्रं होतात. फ्रेमला एक धरलं तर २,८८०. तो श्वास घेणारा ३ सेकंदांचा चेहरा मोजक्या चित्रांत होतो. निर्मात्याला हे आकडे दाखवा, भावनांवर व्याख्यान देत बसू नका.

प्रश्न : संवाद कमी केले तर भावना पोचतात का?

उत्तर : ‘प्रायमल’ (२०१९) बघा. आदिमानव आणि डायनासोर, बोलणं जवळपास शून्य, आणि हाणामारी भरपूर. दोघांनीही आपली पिल्लं गमावलेली आहेत, हे पहिल्याच भागात कळतं आणि पुढचा प्रत्येक घाव त्यावर उभा राहतो. उलट ‘बोजॅक हॉर्समन’च्या २०१८ मधल्या एका भागात नायक आईच्या अंत्यविधीला उभा राहून जवळजवळ पूर्ण वेळ एकटाच बोलतो. सुरुवात ‘प्रायमल’पासून करा. एकट्याचं भाषण २० मिनिटं टिकवणं फार अवघड, पहिल्याच भागात त्याच्या वाटेला जाऊ नका.