लर्निंग लायसन्स आहे, तरी पालकावर गुन्हा का?

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात राहते. यजमान मुंबईला नोकरीला असतात. 17 वर्षांचा मुलगा शृंगारतळीला बारावीत शिकतो. दिरांनी गणपतीत आणलेली 109 सीसीची, गिअर नसलेली स्कूटर इथेच ठेवली होती. ती घेऊन तो कॉलेजला जात असे. माझ्या संमतीने त्याला लर्निंग लायसन्स मिळालेले आहे. गेल्या आठवड्यात वळणावर त्याची धडक बसून मासळी विकणाऱ्या एका आजींचे मनगट मोडले. त्याने त्यांना लगेच दवाखान्यात नेले. पोलिसांनी गाडी जप्त केली आहे. लायसन्स असताना माझ्यावर आणि दिरांवर गुन्हा कसा? परवानाधारक शेजारी गाडी चालवत होता, असा जबाब द्या, असे काही जण सुचवतात.

उत्तर : ताई, शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात हयगय झाली तर पुढचे सारे बिघडेल. तसा जबाब कृपा करून देऊ नका. लोकसेवकाला खोटी माहिती देणे आणि अपराध्याला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणे हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे कलम 217 आणि 238 खाली स्वतंत्र अपराध आहेत. आजी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका मुलाला ओळखतात. त्यांच्या एका वाक्याने बनाव कोसळेल आणि ज्याचा काही संबंध नाही तो शेजारीही गोत्यात येईल. शिवाय, मुलाने जखमीला स्वतः दवाखान्यात नेले ही त्याच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे, तीच आपण हातची घालवून बसाल.

आता लायसन्सविषयी. मुलाचे लर्निंग लायसन्स काढून वाहनाच्या वर्गाचा रकाना पाहा; तिथे 50 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा उल्लेख आढळेल. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 4 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्याचे किमान वय 18 आहे, आणि 16 वर्षे पूर्ण झालेल्यांना सवलत आहे ती केवळ 50 सीसीपर्यंतच्या इंजिनापुरती. गाडीला गिअर नाही एवढ्यावरून ती या सवलतीत बसत नाही. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात. त्यामुळे हे लायसन्स हाती असूनही मुलाला चालवता येईल अशी गाडी घरात नसते, आणि संमतिपत्रावर सही घेताना ही गोष्ट पालकांना क्वचितच कोणी समजावून सांगतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यातून लर्निंग लायसन्सवर एकट्याने गाडी नेता येत नाही. सोबत परवानाधारक शिकवणारा आणि गाडीवर ‘एल’ची पाटी लागते.

आपल्यावर गुन्हा येतो तो कलम 199अ मुळे, जे 2019 च्या दुरुस्तीने आले. अल्पवयीनाने या कायद्याखालील अपराध केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मुलाकडे ते विशिष्ट वाहन चालवण्याचा परवाना असेल तर पालक सुटतो, परंतु इथे नेमके तेच नाही. आपल्या नकळत घडले किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे आपणच सिद्ध करायचे असते. मुलगा नेहमीच स्कूटरने जात होता हे आपल्या पत्रातच आहे, तेव्हा नकळत घडल्याचा बचाव आपल्याला फारसा उपयोगी पडणार नाही; दंड व शिक्षा सौम्य व्हावी यावर भर द्यावा लागेल. दिरांची गोष्ट वेगळी असू शकते. त्यांनी किल्ली कोणाच्या हाती दिली, व्हॉट्सॲपवर काय लिहिले, पुतण्याला गाडी द्या असे ते कधी म्हणाले होते का, हे तपासा आणि तो मजकूर पुसू नका. दोघांचे बचाव परस्परांना छेद देणारे असल्याने वकीलही वेगवेगळे असावेत.

मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालेल. त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.

भरपाईचा भार कदाचित याहून जड ठरेल. आजींनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला, तर विमा कंपनी परवान्याची त्रुटी नक्की पुढे आणेल. स्वरणसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली घेतलेल्या भूमिकेनुसार, अशा वेळी विमा कंपनीला आधी जखमीला पैसे देऊन मग ते मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो, आणि मालक म्हणजे आपले दीर. म्हणून पॉलिसी क्रमांक, अपघाताची वेळ व ठिकाण, जखमीचे व चालकाचे नाव असे लेखी पत्र विमा कंपनीला आजच पाठवा आणि पोच घ्या. आजींच्या औषधपाण्याचा खर्च जरूर द्या, मात्र पावत्या ठेवा आणि कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा घेऊ नका. गाडी सुपूर्तनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर) सोडवण्याचा अर्ज नोंदणीकृत मालक म्हणून दिरांनीच करायचा आहे.

बारावी संपेपर्यंत एसटीचा पास हाच सुरक्षित मार्ग. 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि बॅटरी वगळता 60 किलोपर्यंत वजनाच्या विजेच्या दुचाकीला लायसन्स लागत नाही हे खरे. पण आपल्याकडच्या घाट्या ती किती चढेल, हे पाहूनच पैसे गुंतवा, आणि मान्यतेचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडून लेखी घ्या.