कर्नलमध्ये रस आहे, पण नोकरी मिळेल का?

प्रश्न: सर, मी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडिलांची मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत आहे. लॅबमधल्या १६ जीबी रॅमच्या लिनक्स मशीनवर मी १ जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर कॉपी केला. काही सेकंदांत शंभर टक्के झालं, पण इजेक्ट केल्यावर दीड-दोन मिनिटं हलेना. तेव्हापासून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि मेमरी याबद्दलच वाचत बसते. मैत्रिणी एआय आणि वेबचे कोर्स करतायत. वडील म्हणतात, "यानं पोट भरणार आहे का?" काय करू?

उत्तर: वडिलांना सांग, भरतं. पण या कामाच्या जागा थोड्या आहेत, कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या त्यासाठी येत नाहीत आणि मनासारखी नोकरी मिळायला वर्ष-दोन वर्षं जास्त लागू शकतात, हेही आत्ताच सांगून टाक. अडत चालवणाऱ्या माणसाला उशिरा येणाऱ्या पैशाचा हिशेब कळतो. त्यांना गोड चित्र दाखवायची गरज नाही.

आता तुझा पेनड्राइव्ह. सौदे चालू असताना तुमच्या पेढीवर आकडे कच्च्या वहीत पडतात आणि खतावणी मागाहून होते. कर्नलही तसंच करतो. प्रोग्रामनं लिहिलेलं तो आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये ठेवतो आणि 'झालं' म्हणून मोकळा होतो. साधारणपणे ४ केबीचं एक पेज. डिस्कवर न उतरलेलं असेल तर ते 'डर्टी'. लिनक्सची मूळ सेटिंग अशी: वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांवर डर्टी पेजेस गेली की कर्नलचे थ्रेड ती मागच्या मागे उतरवायला लागतात, आणि २० टक्क्यांच्या वर गेली तर लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून ठेवतात. शिवाय ३० सेकंदांपेक्षा जुनं झालेलं पेज तसंही लिहायला काढलं जातं. तुझ्या मशीनवर १ जीबी या मर्यादेत आरामात मावलं. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल, तर शंभर सेकंद लागणारच. इजेक्टनं तेवढंच वसूल केलं.

हे डोळ्यांनी बघ. एका टर्मिनलमध्ये प्रॉक फोल्डरमधली मेमइन्फो फाइल दर सेकंदाला दाखवायला लाव, दुसऱ्यात मोठी फाइल कॉपी कर. 'डर्टी' या ओळीतला आकडा कसा फुगतो, मग 'सिंक' ही सगळं डिस्कवर उतरवायला लावणारी कमांड दिल्यावर 'राइटबॅक' कसा वर जातो आणि दोन्ही कसे खाली बसतात, ते एकदा पाहिलंस की पुस्तकातली आकृती लागणार नाही. त्याच फाइलमध्ये 'मेमफ्री' अगदी कमी आणि 'मेमअव्हेलेबल' भरपूर दिसेल. रिकामी पडलेली रॅम कर्नल कॅशसाठी वापरतो आणि कोणी मागितली की स्वच्छ पेजेस टाकून देतो. मेमरी भरली म्हणून मशीन रीस्टार्ट करणारे अनुभवी लोकही असतात, तू त्यांत जाऊ नकोस.

यातला खरा पेच पुढे आहे. प्रोग्रामला खात्री हवी असेल तर तो 'एफसिंक' मागतो, म्हणजे 'डिस्कवर उतरवल्याशिवाय परत येऊ नकोस'. पण डिस्कनंच लिहायला नकार दिला तर? लिनक्स ती चूक एकदा कळवायचा आणि न लिहिलेलं पेज स्वच्छ म्हणून नोंदवून टाकायचा. पुन्हा एफसिंक केलं तर उत्तर यायचं, 'सगळं ठीक'. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस पुन्हा प्रयत्न केला की भागतं असं धरून वर्षानुवर्षं चालत होता. २०१८ मध्ये हे उघड झालं, तेव्हा डेटाबेसवाले आणि कर्नलवाले यांच्यात चांगलीच जुंपली. २०१९ च्या सुरुवातीला पोस्टग्रेसनं मार्ग बदलला: एफसिंक फसलं की सर्व्हर थेट पाडायचा आणि लॉगमधून, म्हणजे बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदींतून, उभा करायचा. दोन्ही बाजूंना पट्टीचे लोक होते, तरी हे इतकी वर्षं दबून राहिलं. हा थर समजणारी माणसं लागतात ती अशा जागी. डेटाबेस, स्टोरेज, क्लाउड, लिनक्स कर्नलवर चालणारे अँड्रॉइड फोन, गाड्यांमधलं सॉफ्टवेअर. पुणं तुला लांब नाही. तिथं रेड हॅट, एनव्हिडिया, केपीआयटी यांची ऑफिसं आहेत.

कोर्सची सर्टिफिकेटं या कामात फारशी कोणी विचारत नाही. 'केलंस काय' विचारतात. म्हणून एकच छोटं काम तळापर्यंत ने. सी मध्ये एक प्रोग्राम लिही, जो क्रमांक टाकलेल्या नोंदी फाइलमध्ये लिहीत जाईल. एकदा एफसिंकसह, एकदा त्याशिवाय. चालू असताना आधी नुसता प्रोग्राम मार. कर्नलकडे पोचलेली एकही नोंद जाणार नाही, कारण पेज कॅश कर्नलची आहे, प्रोग्रामची नाही. मग तेच व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) करून अख्खं मशीन एकदम बंद कर आणि किती नोंदी उरल्या ते मोज. (घरच्या कॉम्प्युटरचा प्लग उपटू नकोस. वीज जायची वाटही बघू नकोस.) हा फरक का पडतो ते आकड्यांसकट सांगता आलं, तर मुलाखतीतला पाऊण तास तुझा.

वाचायला सुरुवात लिनक्सपासून करू नकोस, त्या जंगलात हरवशील. एमआयटीचं एक्सव्ही६ घे, ती शिकवण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. त्याच्या बफर कॅशमध्ये फक्त ३० बफर आहेत आणि तो कोड एका बैठकीत वाचून होतो. सी मधले पॉइंटर कच्चे असतील तर आधी ते पक्के कर. तिसऱ्या वर्षातल्या बहुतेकांचे कच्चेच असतात, लाजू नकोस. वालचंदचा लिनक्स युजर्स ग्रुप सांगलीतच आहे, तिथल्या मुलामुलींना गाठ.

पुढच्या वाटा दोन. गेट देऊन एमटेक, किंवा सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिमचा पदविका अभ्यासक्रम. गेटला ऑपरेटिंग सिस्टिम आहेच आणि तिसऱ्या वर्षातही बसता येतं, तेव्हा एकदा देऊन बघ. कॅम्पसमधून मिळालेली साधी नोकरी मात्र माझं ऐकशील तर नाकारू नकोस. पगार सुरू झाला की घरचा प्रश्न थंडावतो आणि रात्री कर्नल वाचायला कोणी अडवत नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय माग. गाइडकडे जाताना मोजलेले आकडे कागदावर ने. नुसतं 'कर्नलवर काहीतरी करायचंय' म्हणालीस, तर हजेरीचं ॲप करायला लावतील.