टीव्हीच्या उपग्रहाचं आयुष्य संपतं म्हणजे त्याचं नक्की काय बिघडतं? दुरुस्त करून परत वापरत का नाहीत?

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. इंधन संपत येतं, एवढंच. "जुना झाला म्हणजे खराब झाला" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून सात वर्षं ऐकलंय.

१९९२ च्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघांनी इस्लामपुरात भागीत केबल सुरू केली. झी नुकतंच आलं होतं, स्टार आधीपासून होतं, आणि दोन्ही एशियासॅट-१ या उपग्रहावर. बारा फुटी जाळीची डिश मी सांगलीच्या एका धंदा गुंडाळलेल्या केबलवाल्याकडून जुनी उचलली. एका पाकळीला पोचा होता. दाजी म्हणाले, "दुसऱ्याची उतरलेली वस्तू आणलीस, आता पडद्यावर मुंग्या बघत बसायचं." दोन रात्री गच्चीवर काढल्या. तोंड पूर्व आणि आग्नेय यांच्या मधोमध, वर साधारण ४९ अंश. मी नट ढिले करून डिश ढकलतोय आणि दाजी खाली टीव्हीसमोरून ओरडतायत, "आलं, आलं... गेलं!" दुसऱ्या रात्री फीडहॉर्न (डिशसमोरचं, सिग्नल गोळा करणारं तोंड) जरासा फिरवला आणि झी लागलं. स्वच्छ नाही, थोड्या मुंग्या होत्याच. त्याचं खापर माझ्या डिशवर.

त्या वेळी आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं की वरचा उपग्रहच सेकंडहँड होता. मूळ नाव वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर या शटल यानातून सोडला, पण वर ढकलणारी मोटर दगा देऊन गेली आणि तो खालच्याच कक्षेत घिरट्या घालत राहिला. विमावाल्यांनी पैसे भरले. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान गेलं, अंतराळवीरांनी तो अक्षरशः हाताने धरून आत घेतला आणि 'विकणे आहे' अशी पाटी धरून फोटो काढला. तो बनवणाऱ्या ह्यूजेस कंपनीनेच तो ठाकठीक केला, हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीने घेतला आणि ७ एप्रिल १९९० ला चीनच्या लाँग मार्च रॉकेटने तो वर गेला. म्हणजे दुरुस्त करून वापरतात, फक्त तो जमिनीवर आणता आला पाहिजे. टीव्हीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, तिथे कुठलं शटल जात नव्हतं. हा खालीच अडकला म्हणून वाचला.

इंधन कशाला लागतं? चंद्र-सूर्य त्याची कक्षा ओढून तिरकी करतात, वर्षाला पाऊण-एक अंश. ती सरळ ठेवण्यातच बहुतेक इंधन जातं. ते थांबवलं की उपग्रह रोज वर-खाली डुलायला लागतो आणि गच्चीवरची पक्की बसवलेली डिश आंधळी होते. वजनच नसल्यामुळे टाकीत किती उरलंय हे राजदूत मोटरसायकलच्या टाकीसारखं हलवून कळत नाही, हिशेबाने काढावं लागतं. म्हणून थोडं राखून ठेवतात आणि शेवटी त्यावर उपग्रह तीनशेएक किलोमीटर वर नेऊन सोडतात. या ढकलण्याला दोन-तीन महिन्यांचं इंधन पुरतं. मग उरलंसुरलं इंधन सोडून द्यायचं, बॅटऱ्या रिकाम्या करायच्या, ट्रान्समीटर बंद. खाली पाडत नाहीत, तेवढं इंधन कुणाकडे असतं?

१९९९ मध्ये त्याच जागी एशियासॅट-३एस आला. आमची डिश इंचभर हलली नाही आणि मुंग्या गेल्या. दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ, नवं ते नवं!" अहो, मुंग्या गेल्या त्या नव्याची ताकद जास्त म्हणून, आणि त्या पोचा पडलेल्या डिशमध्येच गेल्या. शिवाय जुन्याच्या जागी खरं तर कोरा करकरीत एशियासॅट-३ यायचा होता. २५ डिसेंबर १९९७ ला उडाला, प्रोटॉन रॉकेट फसलं, भलत्याच कक्षेत गेला. मग ह्यूजेसने त्याला चंद्राला वळसा घालायला लावून कसाबसा वर आणला. त्या फसलेल्या उड्डाणानंतर सव्वा वर्ष ओव्हरटाइम केला तो सेकंडहँडवाल्यानेच.

सगळेच इंधन संपून निवृत्त होतात असं नाही, हे सांगायचं राहिलं. बॅटरी किंवा इलेक्ट्रॉनिक्सही जातं. आणि २०२० मध्ये इंटेलसॅट-९०१ ला दुसऱ्या यानाने पाठीमागून पकडून पुन्हा कामाला लावलं, तेव्हा 'दुरुस्ती नाहीच' हेही आता खरं नाही.

तुम्ही जुनी डिश घेत असाल तर बिनधास्त घ्या. एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल वाढवणारा डबा) मात्र नवाच घ्या, तिथे दाजींचं बरोबर होतं. भाचा हे वाचतो, त्याने रात्री जेवताना त्यांना वाचून दाखवावं. आणि डिश साडेसहा हजारांना घेतली होती, दाजी सांगतात तसं सात नव्हे.