अशोकानं इतक्या भाषा आणि पंथांच्या लोकांवर राज्य नेमकं चालवलं कसं?

जाग्यावरच्या अधिकाऱ्यांच्या हाती कारभार देऊन आणि लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलून. पाटलीपुत्राहून सगळं बघणं शक्यच नव्हतं, म्हणून तक्षशिला, उज्जैन, तोसली, सुवर्णगिरी इथं राजकुमार नेमले होते, खाली राजुक, प्रादेशिक, युक्त असे अधिकारी अन् त्यांना दर ५ वर्षांनी दौरा कंपल्सरी. हे सगळं त्याच्याच शिलालेखांत आहे. लेख बहुतेक प्राकृतात ब्राह्मी लिपीत, पण वायव्येला गेलं की खरोष्ठी लिपी आणि कंदाहारला तर थेट ग्रीक आणि अरामाईक, म्हणजे जिथं जे लोक राहतात त्यांना समजेल असं. मला सगळ्यात भारी वाटतो तो सहावा लेख, त्यात तो म्हणतो मी जेवत असो की अंतःपुरात, लोकांच्या कामाची खबर मला कधीबी द्या. स्वतः बौद्ध असून बाराव्या लेखात सगळ्याच पंथांचा मान राखायला सांगतो आणि दुसऱ्याच्या धर्माला विनाकारण नावं ठेवू नका म्हणतो. धम्ममहामात्र, म्हणजे धम्माचं काम बघायला नेमलेले अधिकारी, सगळ्याच पंथांसाठी होते, पाचव्या लेखात ते ज्या लोकांत नेमले त्यांत पेतेणिकांचं नाव येतं, आणि ते आपल्या पैठणचे असावेत असं काही अभ्यासक मानतात. फक्त एक लक्षात घ्या, हे सगळं राजाच्या बाजूनं लिहिलेलं आहे आणि तेराव्या लेखात कलिंगाचा पश्चात्ताप सांगतानाच जंगलातल्या जमातींना तो दमबी देतो, शिक्षेची ताकद अजून माझ्याकडं आहे म्हणून.