हायरूलचे तीन ड्रॅगन आणि राखणदाराची हद्द

'टीअर्स ऑफ द किंगडम' हा निन्टेन्डोच्या 'झेल्डा' मालिकेतला व्हिडिओ गेम पूर्ण केल्यावर तुम्ही विचारलंय की त्यातल्या हायरूल राज्यातले डिनराल, नेड्रा आणि फारोश हे तीन ड्रॅगनसुद्धा राजकन्या झेल्डासारखे कधीकाळी माणसं होते का. त्याला जोडून विचारलंय की त्याच्या आधीच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मधले ते अजस्र सांगाडे कोणाचे, आणि आपल्या कोकणातल्या राखणदाराची, म्हणजे गावाची हद्द राखणाऱ्या दैवताची, आठवण होते ती उगीच की त्यात काही अर्थ आहे. ज्यांचा खेळ अजून चालू आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे शेवट उघड करूनच बोलावं लागणार आहे.

माझं मत आधीच सांगतो. ते तिघे माणसं नव्हते. आणि हे मत पक्कं व्हायला मला आपल्या राखणदाराचीच मदत झाली.

तर्क कुठून आला ते समजण्यासारखं आहे. सीक्रेट स्टोन हा जादूचा दगड गिळणारा अमर ड्रॅगन होतो, पण स्वतःला हरवून बसतो, म्हणून ते निषिद्ध आहे, असं मिनेरू ही प्राचीन ऋषी झेल्डाला सांगते. झेल्डा तरीही तो गिळते, कारण मोडलेली मास्टर सोर्ड, म्हणजे नायक लिंकची तलवार, पुन्हा बळ धरेपर्यंत जेवढा काळ जाणार होता तेवढं जगणं माणसाच्या देहात शक्यच नव्हतं. शेवटी खलनायक गॅननडॉर्फही तेच करतो. एकाच खेळात दोन ड्रॅगन माणसांचे झालेले डोळ्यांनी बघितले की उरलेल्या तिघांकडे संशयाने बघणं आलंच. मग कोणी त्यांना प्राचीन ऋषी ठरवतं, कोणी झोनाई या प्राचीन वंशाचे राजे.

पण 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' ३ मार्च २०१७ ला आला आणि हा खेळ १२ मे २०२३ ला. तिन्ही ड्रॅगन पहिल्यापासून आहेत. पहिल्या खेळात त्यांचा फोटो काढला की कॉम्पेंडियममध्ये, म्हणजे खेळातल्या नोंदवहीत, जी नोंद येते ती परत एकदा शांतपणे वाचा. डिनरालबद्दल तिथे म्हटलंय की अग्नीच्या आत्म्याने या ड्रॅगनचं रूप घेतलं आहे, आणि तो प्राचीन काळापासून शक्तीच्या झऱ्याची सेवा करतो असं सांगतात. नेड्रा बर्फाचा, त्याचा झरा प्रज्ञेचा. फारोश विजेचा, त्याचा झरा धैर्याचा. शिवाय अशी ओळ आहे की त्यांच्या अंगावरच्या ज्वाळांमुळे किंवा बर्फामुळे जवळ जाणं धोक्याचं, पण त्यांच्या मनात माणसांबद्दल वैर नाही. माणसाचा ड्रॅगन झाला असं तिथे कुठेच नाही. नावंही डिन, नेरू आणि फारोर या तीन देवींच्या नावांवरून बेतलेली आहेत, कुठल्या राजा-राणीच्या नावांवरून नाहीत.

आता आपल्याकडे बघू. कोकणात राखणदार म्हटला की बाहेरच्या माणसाला एकच चित्र दिसतं, रात्री फिरणारा, काठी टेकत चालणारा कोणीतरी. गावात वाढलेल्याला ठाऊक असतं की राखणदार दोन तऱ्हेचे असतात. एक तऱ्हा कधीच माणूस नसलेल्यांची. सातेरी या ग्रामदेवीच्या कित्येक देवळांत गाभाऱ्यात वारूळ आहे. ती जमीनच आहे, तिचा जन्म कुठल्या घराण्यात झाला हे कोणी विचारत नाही. दुसरी तऱ्हा पूर्वसाची, म्हणजे ज्याने गाव वसवलं, जंगल तोडून पहिली शेती केली, त्या मूळपुरुषाची. तो मेला आणि तिथेच राहिला. त्याचं स्थान वेगळं, त्याचा मान वेगळा. गाऱ्हाण्यात दोघांचीही नावं घेतात, 'व्हय म्हाराजा' दोघांनाही म्हणतात, पण गावातला जाणता मानकरी त्यांची गल्लत कधी करत नाही.

हीच गल्लत या तर्कात होते आहे. खेळ बनवणाऱ्यांनी ती केलेली नाही. त्यांनी दोन्ही तऱ्हा वेगवेगळ्या दाखवल्या आहेत, आणि दुसऱ्या तऱ्हेचा उत्तम नमुना २०१७ पासून समोर आहे. सतोरी डोंगरावरचा, निळ्या प्रकाशाने लखलखणारा तो 'लॉर्ड ऑफ द माउंटन' आठवा. त्याच्या नोंदीत स्पष्ट म्हटलंय की तो रानातल्या सगळ्या प्राण्यांवर नजर ठेवतो, आणि दंतकथेप्रमाणे तो ज्या भूमीचं रक्षण करतो त्याच भूमीवर मरण पावलेल्या एका ऋषीचा पुनर्जन्म आहे. हा पूर्वस झाला! त्याच्यावर बसता येतं, पण तबेल्यात त्याची नोंद होत नाही. सातोरू इवाता, निन्टेन्डोचे अध्यक्ष, ११ जुलै २०१५ ला गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ हा प्राणी व हा डोंगर आहे असं बहुतेक चाहते मानतात. मला हा तर्क मनापासून पटतो. ज्या घराला त्यांनी आकार दिला त्या घराच्या खेळात त्यांना डोंगराचा राखणदार करणं, यापेक्षा मोठा मान काय देणार?

दुसऱ्या खेळात या डोंगरावरच्या प्राण्याला भेटायची पद्धत बदलली, ती तर आपल्या माणसाला लगेच ओळखीची वाटावी. चेरीच्या झाडापुढे भांडं असतं. त्यात फळ ठेवलं की तो प्रकट होतो, आणि आसपासच्या गुहांवर प्रकाशाचे खांब उभे राहतात. म्हणजे आधी त्याची राखण द्यायची, मग तो परिसर दाखवतो. आमच्याकडे बागेच्या कडेला वर्षाकाठी नारळ ठेवतात किंवा कोंबडा देतात, तो व्यवहार याच जातीचा आहे. लाच म्हणून कोणी देत नाही. या जागेवर आपल्याआधी कोणाचा तरी हक्क आहे, हे मान्य करायची ती रीत आहे.

ड्रॅगनांकडे परत येतो. राखणदार ओळखायचा कसा, तर तीन गोष्टींवरून: त्याची हद्द, त्याची फेरी आणि त्याचा मान. तो पूर्वी कोण होता हा प्रश्न गावात फार उशिरा येतो, कधी येतही नाही.

वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाल्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची फेरी मारतो आणि त्या झिजतात ही श्रद्धा. त्याची फेरी ही आरवलीची फेरी आहे. दुसऱ्या गावावर संकट आलं म्हणून तो तिकडे निघाला असं कोणी सांगत नाही, तिकडे त्या गावाचा कोणीतरी असतोच. या नजरेने तीन ड्रॅगनांचं वागणं बघा. ठरलेल्या वाटा, ठरलेल्या जागा. हायलिया तळ्यावरच्या पुलावर उभं राहून फारोशची वाट बघितलेल्या कोणालाही ते माहीत आहे. दुसऱ्या खेळात त्या वाटा जमिनीखालच्या डेप्थ्सपर्यंत लांबल्या, पण फेरी सुटली नाही. लिंक १०० वर्षं झोपला होता, गावं ओस पडली, राजवाडा गॅनन या दुष्ट शक्तीच्या ताब्यात गेला. फेऱ्या मात्र चालू. आचऱ्याच्या गावपळणीत तीन दिवस अख्खा गाव गुरांकोंबड्यांसह वेशीबाहेर जातो, मागे गाव रामेश्वराच्या स्वाधीन असतो. माणूस नसला तरी राखण थांबत नाही, हे ज्याने तिथे अनुभवलंय त्याला हायरूलचे ते ओसाड माळ आणि वरून जाणारा ड्रॅगन यात विसंगती वाटणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेवटच्या लढाईत गॅननडॉर्फ ड्रॅगन होऊन आकाशात येतो तेव्हा मदतीला कोण येतं? लाइट ड्रॅगन, म्हणजे झेल्डा. ती येते, लिंकला पाठीवर घेते. स्वतःला हरवून बसलेली असूनसुद्धा येते. बाकीचे तिघे येत नाहीत. अनेकांना हे कथेतलं भोक वाटतं. मला तो या सगळ्या चर्चेतला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. झेल्डा माणूस होती, तिचं कोणीतरी आपलं होतं, तिला कोणासाठी तरी यायचं होतं. त्या तिघांचं कोणी आपलं नाही, त्यांची आहे ती हद्द. लाइट ड्रॅगनला झरा नाही, एक डोंगर नाही, ती सगळ्या राज्यावरून फिरत राहते. पाय ठेवायला जागाच नाही तिला. गावाच्या राखणदाराचं असं कधी होत नाही, त्याला जागा असतेच.

मानाबद्दलही एवढंच पक्कं. झऱ्याच्या देवीमूर्तीपुढे त्या-त्या ड्रॅगनचा खवला अर्पण केला की वाट उघडते. दुसऱ्याचा खवला चालत नाही. लॅनेरूच्या शिखरावर नेड्राला मॅलिस या दुष्ट, विषारी चिखलाने ग्रासलेलं असतं, त्या मॅलिसचे डोळे एकेक करून बाणांनी फोडावे लागतात. तिथे मला दरवेळी गलबलून येतं, कारण राखणदार बाटला तर त्याला सोडवायचं काम त्याच्या हद्दीत आलेल्या माणसाचं असतं. आणि सुटल्यावरसुद्धा नेड्रा लिंकचा साथीदार होत नाही. आपल्या फेरीला लागतो.

तुम्ही पहिल्या खेळातल्या डिव्हाइन बीस्ट्सचाही, म्हणजे त्या चार अजस्र प्राण्यांचाही, ओझरता उल्लेख केलात. वा रुटा हत्ती, वा नाबोरिस उंट, वा मेडो पक्षी, वा रुडानिया सरडा. आकार प्राण्यांचा असला तरी ती यंत्रं आहेत, चालवायला आत चॅम्पियन, म्हणजे निवडलेला योद्धा, लागतो, आणि म्हणूनच गॅननला ती हिसकावता आली. त्यांना मी राखणदार म्हणणार नाही. ती तोफा आहेत.

सांगाड्यांचं प्रकरण जास्त रंजक आहे. हेब्रा, एल्डिन आणि गेरुडो अशा तीन ठिकाणी ते आहेत, म्हणजे एक बर्फात, एक ज्वालामुखीजवळ, एक वाळवंटात. चाहत्यांनी तीन नावं लावली आहेत: 'स्कायवर्ड सोर्ड' (२०११) मधला आकाशातला देवमासा लेव्हियस, 'लिंक्स अवेकनिंग' (१९९३) मधला विंड फिश आणि 'फँटम अवरग्लास' (२००७) मधला ओशन किंग. तीन सांगाडे, तीन देवमासे, हिशोब जुळला. मला हा हिशोब फार घाईचा वाटतो. विंड फिश स्वप्नातल्या बेटाचा, ते बेट स्वप्नाबरोबर विरलं. ओशन किंगचं जग हायरूलपासून वेगळं. त्यांची हाडं इथे कशी आली, याचं उत्तर कोणी देत नाही. लेव्हियसचं मात्र शक्य आहे, किंवा त्याच्या जातीच्या तीन प्राण्यांचं.

त्यापेक्षा खेळातल्या साध्या खनिज मिठाचं वर्णन वाचा. प्राचीन समुद्राचं स्फटिक झालेलं मीठ, असं त्यात लिहिलंय. हायरूलच्या डोंगरांवर एकेकाळी समुद्र होता आणि हे त्या समुद्रातले प्राणी, एवढं मानलं तरी तिन्ही जागांचा उलगडा होतो. ते राखणदार होते का? माझी कसोटी लावली तर नाही. त्या हाडांपुढे कोणी काही ठेवत नाही, त्यांची फेरी कोणाला आठवत नाही, जवळपास एक मूर्ती नाही. आहेत ते तीन संशोधक, आणि हे प्राणी नामशेष का झाले याबद्दल त्यांचे तीन वेगळे तर्क. आपल्याकडेही देवमासा किनाऱ्याला लागतो तेव्हा लोक हळहळतात, धावतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला लागलेलं पिल्लू समुद्रात परत सोडण्यासाठी माणसांनी जिवाचं रान केलं, तरी ते वाचलं नाही. तो जीव सगळ्यांचा झाला होता, पण गावाचा राखणदार म्हणून त्याला कोणी पुजायला बसलं नाही. जीव लावणं वेगळं आणि हद्द सोपवणं वेगळं.

राहिला प्रश्न साम्याचा. निन्टेन्डोने कोकणातून काही घेतलं असं समजायला काडीचाही आधार नाही, आणि तसं म्हणून आपलं मोठेपण वाढतही नाही. ड्रॅगनांचं लांब, बिनपंखी, सापासारखं अंग पूर्व आशियातलं आहे. जमिनीवरची ती प्रचंड चित्रं, जिथे झेल्डाच्या आठवणींचे अश्रू सापडतात, ती बघून बहुतेकांना पेरूमधल्या नाझ्काची आठवण होते, आणि ते बरोबरही वाटतं.

पण एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही रत्नागिरीचे आहात. आकाशातून उडी मारून ती चित्रं शोधताना तुम्हाला जे वाटलं ते अनुभवायला पेरूला जायची गरज नाही. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या अंगात कितीतरी लहान-मोठे प्राणी कोरलेले. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभी असलेली मानवाकृती आहे. कुठे शार्क, कुठे पाकट, कुठे आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडा. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सडे तुडवून ही कातळशिल्पं जगासमोर आणली, आणि २०२२ मध्ये त्यांतली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती कोणी कोरली, का कोरली, ते प्राणी राखणदार होते की शिकार होती की आणखी काही, हे कोरणाऱ्यांबरोबर गेलं. तरी त्या बारसूच्या आकृतीपुढे मी उभा असतो तेव्हा माझा कल एकाच बाजूला झुकतो. दोन बाजूंना दोन वाघ आणि मध्ये माणूस, यात मला शिकार दिसत नाही. जाल तेव्हा चप्पल काढून कडेकडेने फिरा, जांभा झिजतो.

बाकी माझ्या मताविरुद्ध पुरावा असेल तर तो मला हवाच आहे. तिघांपैकी एखादा ड्रॅगन कथेतल्या कुठल्याही प्रसंगात आपली ठरलेली वाट सोडून कोणा माणसासाठी गेलेला कोणी बघितला असेल, तर क्लिप टाका. तसं एक जरी निघालं तरी मी त्या ड्रॅगनला पूर्वसांच्या रांगेत बसवायला तयार आहे.