टीपीएस फिरवून गाडीचं आयडल कमी करता येतं का?

प्रश्न असा आहे: जुनी एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) पेट्रोल गाडी, इंजिन गरम झाल्यावरही आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाचा इंजिनाचा वेग, १५०० आरपीएमच्या खाली येत नाही, सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलं तरी रेस उतरत नाही. मेकॅनिक म्हणतो थ्रॉटल पोझिशन सेन्सर (टीपीएस) बदला. तो घरीच फिरवून सेट करता येईल का?

मी सोलापुरातच जुन्या पेट्रोल गाड्यांची कामं करतो, म्हणून आधी एक स्पष्ट सांगतो. टीपीएस हा आयडल कमी-जास्त करायचा स्क्रू नव्हे. बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधली इंजिनात हवा सोडणारी गोल झडप, किती उघडलाय एवढंच तो ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सांगतो. बटरफ्लाय बंद असूनही त्याचं व्होल्टेज जास्त जात असेल, तर ईसीएमला वाटतं तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे आणि तो आयडल सांभाळायचं सोडून देतो. सेटिंग चुकल्यावर रेस वर राहते ती अशी. पण रेस वर राहण्याची बाकी कारणं याच्यापेक्षा जास्त वेळा सापडतात, म्हणून पैसे घालण्याआधी मोजून बघा.

सगळ्यात आधी ॲक्सिलरेटर केबल बघा. तिला थोडी ढील हवी. ताणलेली असेल तर बटरफ्लाय पूर्ण बसतच नाही. मग थ्रॉटल बॉडी उघडून आत बघा. आपल्याकडची धूळ आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ मिळून बटरफ्लायच्या कडेला काळा चिकट थर धरतो. इंजिन बंद ठेवून, कार्ब क्लीनर कापडावर घेऊन तो पुसा. थेट फवारा मारलात तर क्लीनर सेन्सरमध्ये उतरतो.

आता मल्टिमीटर. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. कनेक्टर न काढता मागच्या बाजूने सिग्नलच्या वायरीशेजारून बारीक पिन सरकवा, तिला मीटरची लाल प्रोब आणि अर्थला काळी प्रोब लावा. बटरफ्लाय बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चारच्या वर दिसायला हवं. नेमका आकडा मात्र तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. आता बोटाने थ्रॉटल अगदी हळू उघडत न्या. आकडा एकसारखा चढला पाहिजे. मध्येच तो धपकन खाली पडून परत वर आला, तर आतली पट्टी झिजलीय. मग कितीही फिरवा, उपयोग नाही, सेन्सर बदलावाच लागेल आणि तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर ठरेल. यासाठी काट्याचा जुना मीटर मिळाला तर फारच छान, झटका लगेच दिसतो.

आकडा सरळ चढतोय पण सुरुवातच ०.८–०.९ ला होतेय आणि मॅन्युअलमध्ये अर्धा दिलाय, तरच सेटिंगला हात घाला. सेन्सरच्या स्क्रूची भोकं लांबट आहेत का ते बघा. गोल असतील तर तो फिरणारच नाही, कंपनीने तशी सोयच ठेवलेली नाही. लांबट असतील तर दोन्ही स्क्रू जरासे सैल करा आणि मीटरवर नजर ठेवून सेन्सर केसभर फिरवा. आवळताना आकडा हमखास सरकतो, म्हणून आवळल्यावर थ्रॉटल दोन-चारदा उघडझाप करून परत मोजा. नंतर बॅटरीची निगेटिव्ह काही वेळ काढून ठेवा आणि एसी बंद ठेवून, रेडिएटरचा फॅन एकदा फिरून बंद होईपर्यंत गाडी आयडलवर चालू द्या.

एक कळकळीची विनंती: बटरफ्लायचा स्टॉपर स्क्रू फिरवू नका. तो कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेला असतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये एसी लावला की गाडी बंद पडते म्हणून काही जण तोच स्क्रू वर चढवून देतात, आणि पुढे खरा दोष शोधणं अवघड होऊन बसतं. तुमच्या गाडीत त्या स्क्रूवरचा रंग किंवा सील तुटलंय का, तेही बघा.

व्होल्टेज बरोबर असूनही रेस वरच असेल तर टीपीएस सोडा. आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलला लागणारी हवा कमी-जास्त करणारा) कार्बनने अडकला असेल, नाहीतर कुठून तरी जास्तीची हवा शिरत असेल. पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारा) पाइप आणि ब्रेक बूस्टरचा पाइप चिमट्याने एकेक दाबून बघा. जो दाबल्यावर रेस उतरते, तिथे शोधा.